चैत्रगौरीपुढचा कोष

“हेच हरभरे घालणार का आपल्या ओटीत?” एक काकू शेजारच्या काकूंच्या कानाशी लागून म्हणाल्या. “वळवळताहेत बघा.”

पन्ह्याचा ट्रे घेऊन मी दारातच थांबले. आईनेही ऐकलं असावं. हळदकुंकू लावता लावता तिचा हात मध्येच थांबला.

यंदा चैत्रगौरीच्या आराशीत तिने एक कोष मांडला होता. बाल्कनीतल्या लिंबावरची अळी तिने बरणीत वाढवली, रोज कोवळी पानं घातली. कोष झाल्यावर तो ज्या काडीला लटकला होता ती काडी तिने गौरीपुढच्या भिजवलेल्या हरभऱ्यांच्या परातीत खोचली. बाबांची बदली होऊन परप्रांतात, न्यू टाउनला आल्यापासून या पाच-सहा मराठी बायकांखेरीज तिला इथे कुणी नाही. “फुलपाखरू बघायला या,” असं तिने प्रत्येकीला फोनवर सांगितलं होतं.

आता कोषाला भोक पडलं होतं आणि खालच्या हरभऱ्यांत पांढऱ्या अळ्या होत्या.

ती अळी बरणीत असतानाच मला तिच्या मानेवर एक पांढरा ठिपका दिसला होता. फोनवर शोधलं, तर ते एका माशीचं अंडं निघालं. त्या माशीची पिल्लं जिवंत अळीच्या आत शिरतात, तिला आतून खातात आणि पोट भरलं की बाहेर पडतात. या कोषातून फुलपाखरू येणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. पण आई पानं धुऊन पुसून बरणीत घालत होती, गुणगुणत होती. मी फोन खिशात ठेवला. गप्प राहणं मला फार सोपं जातं. ऑफिसात त्याला शांत स्वभाव म्हणतात.

“मीच नीट निवडले नाहीत हरभरे,” आई म्हणाली. “हल्ली दिसत नाही मला बारीक.”

“असू दे हो, इथली हवाच दमट,” पहिल्या काकू गोड आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी पदर सावरून घेतला. “मी तर बाई दोनदा निवडते.”

आई हसली. परात उचलून आत न्यायला ती वाकली, तेव्हा तिची मान लालबुंद झालेली दिसली.

मी ट्रे खाली ठेवला. पन्हं थोडं सांडलं.

“काकू, हरभरे चांगले आहेत. अळ्या त्या कोषातून पडल्यात. असं होणार हे मला माहीत होतं, आईला नव्हतं. मी तिला सांगितलंच नाही.”