दानियल सरांचा डावा कान

मी नेम धरला की दानियल सर आपल्या डाव्या कानावरचा, आवाज अडवणारा ईअरमफ हलकेच उचलायचे. "श्वास ऐकल्याबिगर तुझी चूक मला कळंल कशी?" असं त्यांचं म्हणणं. ईअरमफ पुन्हा खाली ओढेपर्यंत कधी कधी बार झालेला असे.

सरांची उमेदीची वर्षं सैन्यात हत्यारं दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर ते नगरच्या रेंजवर आम्हाला रायफल शिकवत. एका अपघातानंतर माझा खांदा कच्चा राहिला होता. रायफलच्या धक्क्याच्या धास्तीनं चाप ओढतानाच माझे डोळे मिटत. मग सरांनी नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक बसवला. बाजूला भोकं असलेला, बोटभर लांबीचा पोलादी तुकडा. तेवढ्यानं नळी उसळेना, खांदा दुखेना, गोळ्या एकाच जागी पडू लागल्या.

"लई कामाची वस्तू हाय," सर म्हणाले. "पन पुढं जानारा वायू ही बाजूला फेकती. तुला धक्का कमी, शेजारच्याच्या कानाला मार जास्त. आन् आपल्या स्पर्धेत चालत न्हाई. खांदा भरला की काढू."

खांदा दोन महिन्यांत भरला. मी ते सांगितलंच नाही. "अजून थोडे दिवस, सर," म्हणत वर्ष काढलं. सर माझ्या उजवीकडेच बसत, डावा कान माझ्याकडे करून. त्यांना हाक दोनदा मारावी लागू लागली, मग तीनदा. मला ते दिसत होतं.

त्याच सुमारास त्यांच्या पत्नी मार्थाबाई आजारी पडल्या. शेवटी त्यांचा आवाज अगदी खोल गेला. मी दवाखान्यात गेले तेव्हा सर त्यांच्या तोंडाशी कान लावून बसले होते. आधी डावा, मग उजवा. मला पाहून म्हणाले, "काय म्हनती बघ गं. मला ऐकूच येईना."

मी वाकले. "त्यांना विचार," बाई पुटपुटल्या, "जेवले का."

ते मला सरांच्या कानाशी ओरडून विचारावं लागलं. शेजारच्या खाटांवरची माणसं वळून बघू लागली. सर आदल्या दिवसापासून उपाशी होते.

"जेवलो," ते म्हणाले. "मेथीची भाजी हुती."

बाई हसल्या. दुपारी त्या गेल्या.

महिन्याभरानं मी ब्रेक काढून सरांच्या हातावर ठेवला. "सर, खांदा केव्हाच बरा झाला होता," मी म्हणाले. सरांनी नुसती मान हलवली. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मोठ्यानं पुन्हा सांगायला हवं होतं, पण माझा धीर झाला नाही. या उन्हाळ्यात सरही गेले.