अमीनभाई आणि चार पुस्तकं

अमीनभाईंच्या हातात पुस्तक दिलं तर ते उघडत नसत. आधी ते उभं धरायचे, डावा डोळा मिटायचे आणि सुतार फळीचा बाक बघतो तशी पानांच्या कडेवरून नजर फिरवायचे. मग अंगठ्यानं कड चाचपायची, एकदा हुंगायची आणि निकाल द्यायचा. "चांगलं हाय. मानसं शेवटापत्तूर गेल्यात." नाहीतर, "ह्यात काय दम न्हाय. समदी साठाव्या पानावर उतरल्यात." पुस्तक कशावरचं, लिहिणारा कोण, भाषा कोणती, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे.

अमीनभाई बारामतीतले बाइंडर. कचेरीमागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. आत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहूनच बोलायचं, इतकं ऐसपैस. आता ते दुकानही नाही आणि अमीनभाईही नाहीत. पण तेव्हा, म्हणजे पन्नास ते साठच्या मधल्या वर्षांत, कचेरीची दप्तरं, शाळांचे हजेरीपट, ब्राह्मणांच्या पोथ्या आणि मशिदीतली कुराणं असं सगळं त्यांच्याकडे बांधायला यायचं. पोथी किंवा कुराण हातात घेण्याआधी ते हात धुवायचे. शाळेची पुस्तकं बांधून झाल्यावर धुवायचे. "पोरांच्या पुस्तकाला गूळ असतो, मास्तर," असं त्यांचं त्यावर स्पष्टीकरण होतं.

मी इंदापूरच्या हायस्कुलात शिक्षक होतो. घर पिंपळीला, त्यामुळे रविवारी एस.टी.नं बारामतीत उतरून पुढे चालत जायचं, हा माझा नेम. शाळेत सगळ्यांत लहान आणि शिवाय बारामतीकडचा, म्हणून ग्रंथालयातल्या फाटक्या पुस्तकांचं गाठोडं अमीनभाईंकडे पोचवायचं काम हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात घातलं. पहिल्याच भेटीत अमीनभाईंनी त्यातलं इतिहासाचं पुस्तक उचललं, कडेवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "हितपत्तूर पोरं वाचत्यात. फुडं मास्तर येकटाच वाचतो."

त्या वर्गाचा इतिहास मीच घेत होतो. मी हे त्यांना सांगितलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी लगेच चहा मागवला.

त्यांचं शास्त्र अगदी साधं होतं. माणूस वाचतो तेव्हा त्याच्या बोटांचा मळ पानाच्या कडेला लागतो. जिथवर लोक वाचतात तिथवर कड काळवंडते आणि सोडून देतात तिथून ती पांढरीफटक राहते. पुस्तक बांधायचं म्हणजे शेवटी कड कापून सारखी करायची. म्हणजे पुस्तकाची सगळी हकिकत कापली जाण्याआधी वाचणारा जगात एकच माणूस असतो, तो म्हणजे बाइंडर. "लिवणाऱ्याला त्ये कळत न्हाय, इकणाऱ्याला न्हाय, मास्तरला तर न्हायच न्हाय," ते मला आवर्जून ऐकवत.

आता माझं दुखणं सांगतो. आमची शाळा नुकतीच अकरावीपर्यंत वाढली होती आणि हेडमास्तरांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, की अकरावीचं गणित पदवीधराकडेच जाणार. मी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून गणित घेऊन बी.ए.ला बसत होतो. बाकीचे पेपर निघाले, पण एकात आपटलो. समीकरणांवरून वक्ररेषा ओळखायच्या, आकृती न काढता तिचा स्वभाव सांगायचा, ती कुठे वळते, कुठे स्वतःलाच ओलांडते, दोन रेषा एकमेकींना किती ठिकाणी भेटतात, असा तो विषय. शिकवायला कोणी नाही, सगळी भिस्त पुस्तकावर. पुन्हा नापास झालो असतो तर अकरावीचा वर्ग पुण्याहून येणाऱ्या नव्या माणसाकडे गेला असता आणि मी जन्मभर पाचवीला पाढे म्हणायला लावत बसलो असतो.

पुण्याच्या एका कॉलेजातले ग्रंथपाल माझ्या मामांच्या ओळखीचे होते. त्यांनी त्या विषयाची चार जुनी पुस्तकं उन्हाळ्यापुरती मला दिली. अट एकच, परत करताना ती नीट बांधलेली हवीत. चारांपैकी मी कोणतं वाचणार हे आधीच ठरलेलं होतं. एक लाल, उशीएवढं जाड पुस्तक होतं. पुण्यातले प्राध्यापक त्याचं नाव घेताना आवाज खाली आणायचे. त्याच्या शेजारी एक हिरवं, अंगानं किरकोळ, पाठ सुटलेलं पुस्तक होतं. लिहिणाऱ्याचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं आणि पानापानावर आकृत्या होत्या. मला ते जरा पोरकट वाटलं.

मी चारही अमीनभाईंपुढे ठेवली आणि म्हणालो, "लाल आधी बांधा. परीक्षेचं आहे."

त्यांनी अर्थातच आधी डोळा मिटला. काळं पुस्तक उचललं. "ह्याची फकस्त शेवटची पानं मळल्यात. काय हाय तितं?"

"गणितांची उत्तरं."

"मंग बरुबर." निळं उचललं. "ह्ये कुनी वाचल्यालंच न्हाय. बक्षीस दिल्यालं दिसतंय." मग लाल घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. "मास्तर, ह्यात लई मानसं मेल्यात. चाळीस पानं काळीभोर हाईत, आन् मंग समदं पांढरं."

 मागच्या वर्षी मी हेच पुस्तक पुण्यातून उसनं आणलं होतं आणि त्रेचाळिसाव्या पानावर माझंही बारावं झालं होतं.

शेवटी त्यांनी हिरवं उचललं आणि त्यांचा मिटलेला डोळा उघडला. "ह्ये बगा. हितं मळ हाय, मंग जरा कमी, मंग पुन्ना मळ. पार शेवटापत्तूर असंच. मानसं दमल्यात, बसल्यात आन् उठून फुडं गेल्यात. तुमी ह्ये वाचा."

"अमीनभाई, यातलं एक अक्षर तरी तुम्हाला कळतं का?"

"न्हाय कळत. पर तुमाला कळतंय आन् तुमी नापास हाय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी लालच आधी हवं म्हणून बजावलं. हिरव्याची पाठ तेवढी त्यांनी तिथल्या तिथे शिवून दिली आणि वाचायला काहीतरी हवं म्हणून मी ते पिशवीत टाकलं.

पुढच्या रविवारी लाल तयार नव्हतं. "खळ वाळंना, मास्तर. हवंत वल हाय." त्याच्या पुढच्या रविवारी तेच, आणि तिसऱ्या रविवारीही तेच. आता वैशाखातली बारामती ज्यानं पाहिली आहे त्याला मी काय सांगू. धोतर पिळून होईपर्यंत वाळायचं. कऱ्हेच्या पात्रात गुरं उभी राहून धूळ हुंगायची. अशा हवेत खळीला ओल सुटते हे मी, गणिताचा शिक्षक, तीन रविवार मुकाट्यानं ऐकून घेत होतो. आणि दुसरा इलाज नाही म्हणून आठवडाभर हिरवं वाचत होतो. खरं सांगायचं तर ते आवडायला लागलं होतं. तो अनोळखी लेखक आधी आकृती दाखवायचा, मग समीकरण पुढे करायचा. दमलं की थोडं सोपं द्यायचा, आणि मी पुन्हा उठून चालायला लागायचो. चाळिसावं पान कधी मागे पडलं, तेही कळलं नाही.

चौथ्या रविवारी मात्र माझं डोकं फिरलेलं होतं. दुकानाच्या पायरीवरूनच मी सुरू केलं. "नदीत थेंब नाही आणि तुमच्या खळीत ओल? मला काय खुळा समजलात?"

"बसा की. काय झालंय?"

"काय व्हायचंय? हे तुमचं पुस्तक म्हणतं, दोन वर्तुळं चार ठिकाणी भेटतात. कुठलीही दोन काढून बघा, फार तर दोन ठिकाणी भेटतात. उरलेले दोन बिंदू म्हणे आहेत, पण दिसत नाहीत. असलं पुस्तक वाचायला लावलंत मला."

अमीनभाईंनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि शांतपणे म्हणाले, "मंग त्यात काय चुकलं? भेटल्याली मानसं समद्यांना दिसत्यातच व्हय?"

बाहेर उभे असलेले कचेरीतले दोन कारकून खो खो हसले. मी चहा न घेता तडक पिंपळीची वाट धरली. उसातून पाटाच्या कडेनं जाताना निम्म्या वाटेपर्यंत मी अमीनभाईंना मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग शिव्या संपल्या आणि विचार सुरू झाला. समीकरणाला डोळे नाहीत. चार उत्तरं यायची तर ती येणार. त्यातली दोन माझ्या कागदावर मावतात, दोन कागदाच्या पार पलीकडे, अनंतावर आहेत आणि तीही काल्पनिक. मी मात्र इतके दिवस ती कंपास पेटी घेऊन वहीत शोधत होतो. घरी पोचल्यावर मी हातपाय न धुता पुस्तक उघडून बसलो. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. त्या दुपारी मला झालेला आनंद पुढे निकालाच्या दिवशीही झाला नाही.

पुढच्या रविवारी माफी मागायला गेलो तेव्हा अमीनभाई नमाजाला गेले होते. दुकानात नव्या शिवलेल्या हजेरीपटांची एक चवड होती आणि तिच्यावर वजन म्हणून ते लाल पुस्तक ठेवलेलं होतं. नवा पुठ्ठा, नवी कापडी पाठ, ठणठणीत वाळलेलं. ते परत आले तेव्हा मी पुस्तकाकडे नुसतं बोट दाखवलं.

"पयल्याच आटवड्यात झालं व्हतं," ते जराही न ओशाळता म्हणाले. "दाबायला बरं पडतं. जड हाय."

पुस्तकं परत करताना आणखी एक भानगड झाली. बाकी तिन्हींच्या कडा अमीनभाईंनी सुबक कापल्या होत्या, हिरव्याची मात्र तशीच काळीकुट्ट ठेवली होती. ग्रंथपाल माझ्यावर उखडले. मी अमीनभाईंचंच उत्तर त्यांना दिलं, की मागून येणाऱ्याला कळायला नको का, कोणतं घ्यायचं ते. ग्रंथपालांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक मुकाट्यानं कपाटात ठेवलं.

मी पास झालो. काठावर, पण झालो. अकरावीचं गणित मला मिळालं. पेढे घेऊन दुकानात गेलो तेव्हा अमीनभाईंनी मार्क विचारले नाहीत. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "आता येक करा. तुमी अडाकला कुठं व्हता त्ये इसरू नगा. पास झाल्याला मानूस त्येच पयलं इसरतो."

मी हसलो, हो म्हणालो आणि विसरलो.

अकरावीच्या पहिल्या चाचणीत माझा अर्धा वर्ग गळपटला. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून घेतलं. "बी.ए. होण्याआधी तुम्ही बरे शिकवत होता. दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर पुण्याहून माणूस मागवतो."  मी सगळं बरोबर सांगत होतो. फळ्यावरची एकही पायरी चुकत नव्हती. सांगितलेलं या पोरांना का कळत नाही, हेच मला कळत नव्हतं, कारण ते न कळणं म्हणजे काय हे आता मला आठवतच नव्हतं.

रविवारी बारामतीत उतरलो तो थेट दुकानात गेलो. अमीनभाईंची तब्येत तेव्हा उतरली होती. हात कापायचा, सुईत दोरा ओवायला दुसऱ्याला सांगावं लागायचं. लाज वाटत होती, तरी विचारलं. "अमीनभाई, मी अडलो कुठं होतो, तुम्हाला ठाऊक आहे?"

"हाय की. दोन वर्तुळं भेटत न्हवती त्या दिशी."

"ते तुम्हाला कसं कळलं? पुस्तक तर माझ्या पिशवीत होतं."

"पुस्तक कशाला बगायला पायजे? तीन रविवार तुमी खळ वाळत न्हाय म्हनून गपचिप ऐकत व्हता. चवथ्याला भांडला. अडाकल्याला मानूस भांडतो, मास्तर. जो गप बसतो त्यो सोडून गेल्याला असतो."

सोमवारी अकरावीला मी वर्गसमीकरणं घेत होतो. एका उदाहरणाशी आल्यावर म्हणालो, की याला उत्तर नाही, पुढे चला. मागच्या बाकावरून लासुर्ण्याचा एक दांडगा मुलगा उभा राहिला. याच मुलाला मी त्या सहामाहीत दोनदा वर्गाबाहेर काढलं होतं.

"मास्तर, परवा म्हनला दोन उत्तरं असत्यात. आज म्हनताय येक बी न्हाय. आमाला येडं समजता काय?"

 दाराकडे दाखवायला माझा हात वर गेलाच होता. तो खाली आला. मी खडू ठेवला, बाकांमधून मागे गेलो आणि त्याच्या शेजारी बसलो.

"बरं झालं भांडलास," मी म्हणालो. "मीही इथंच अडलो होतो."