सहादूची सही

आमच्या नाशिकच्या कॉलेजच्या ग्रंथालयात सहादू भोये शिपाई आहे. हरसूलकडचा. एकोणीस वर्षं दारात बसून आलेली माणसं मोजतो, आणि संध्याकाळी वहीत एक ओळ लिहून खाली सही करतो. 'आज ७ आले. पैकी ३ पंख्यासाठी.'

कॉलेजला दर्जा द्यायला नॅकची समिती येणार ठरलं, तेव्हा प्राचार्यांनी ती वही पहिल्यांदा वाचली आणि मला बोलावलं. मी नामपूरचा, तासिकेवरचा मास्तर. पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची ऑर्डर त्यांच्याच हातात.

"हर्षल, अक्षर छान आहे तुझं. गेल्या वर्षाची वही नवी कर. रोज साठएक तरी येऊ देत."

चार दिवस बसलो. तीन पेनं बदलली, पानांवर चहा सांडला, कोपरे दुमडले. सहादूची सही तर अशी ठोकली की त्याच्या बायकोनेही ओळखली असती. फक्त कॅलेंडर पाहायचं राहिलं. प्रत्येक महिना पहिल्यापासून शेवटच्या तारखेपर्यंत सलग लिहीत गेलो.

समितीतल्या मॅडमनी नेमकं नोव्हेंबरचं पान उघडलं. "दिवाली के दिन इकसठ रीडर? किसने लिखा?"

प्राचार्य छताकडे पाहू लागले. मी बुटांकडे. सहादू पुढे आला, सहीवर बोट ठेवून जरा वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मेरेसे गलत लिखा गया मॅडम."

समिती गेल्यावर फाइलला त्याचा लेखी खुलासा हवा होता. प्राचार्य म्हणाले, "तूच लिहून दे. त्याला भाषा जमत नाही."

'माझ्या निष्काळजीपणामुळे' अशी सुरुवात करून मी तोही लिहिला. सुंदर अक्षरात. सहादूने सावकाश वाचला.

"लय चांगलं लिवलंय सर."

"सहादूभाऊ, खरं का नाही सांगितलं?"

"तुमची ऑर्डर निघायची हाय ना. मी पर्मनंट." त्याने पेनचं टोपण काढलं आणि थांबला. "सही मी करू, का तुम्हीच करताय?"

सही त्यानेच केली. एकोणीस वर्षांतला पहिला डाग त्याच्या फाइलला लागला.

जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली. पुस्तक हवं असलं की मी विद्यार्थ्याला पाठवतो. स्वतः गेलो तर सहादू मला मोजणार, आणि कशासाठी आलो तेही लिहिणार.