माज्या ध्यानात हाय

"माज्या ध्यानात हाय," असं ती म्हणाली की आम्ही समजायचो, कुणाचं तरी काही खरं नाही. आवाज चढायचा नाही, भुवई हलायची नाही. चष्मा वर ढकलायची, एवढे तीन शब्द टाकायची आणि आपल्या कामाला लागायची. भांडणारी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. पण भांडण राखून ठेवणारं माणूस पाहिलंय का तुम्ही? मी एक पाहिलं, आणि खरं सांगते, मला ती फार आवडायची.

ती नेरुळजवळच्या सारसोळे गावची, कोळ्यांची. वडील खाडीत जाणारे, आई मासळी विकणारी, आणि ही घरातली पहिली एम.एस्सी. मी साताऱ्याकडची, बाप वाशीच्या मार्केटात माथाडी. महाप्याच्या एमआयडीसीत एका खाजगी प्रयोगशाळेत आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहायचो. मी पाणी तपासायचे, ती नवे रेणू बनवायची, म्हणजे नवी रसायनं.

रेणू कशासाठी, तर तेलाच्या विहिरींसाठी. विहीर जुनी झाली तरी पुष्कळ तेल खाली दगडालाच चिकटून असतं. साबणाच्या जातीचं एखादं औषध पाण्यातून खाली सोडलं, तर ते सुटून वर येतं. पण तिथलं पाणी खारट, जड आणि गरम. बोअरच्या पाण्यात साबणाचा कसा चिकट साका होतो, तसा तिथे भल्याभल्या औषधांचा होतो. साका होणार नाही असं औषध तिला बनवायचं होतं. बारीक काचनळीत खाली खारं पाणी, वर काळं तेल, त्यात तिचं औषध. नळी ओव्हनमध्ये ठेवायची आणि वाट बघायची. जमलं तर दोघांच्या मध्ये चहाच्या रंगाचा तिसरा थर धरतो, म्हणजे औषध लागू पडलं. मध्येच कुणी नळी खसाखसा हलवली की ही ओरडायची, "अरे, ताक घुसळतो काय? हलक्या हातानं उलटी कर!"

तिच्या सुडाचा एक मासला सांगते. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी हिच्या डब्यातल्या सुकटीच्या वासाची तक्रार केली. "माज्या ध्यानात हाय." पुढच्या शुक्रवारपासून ही अख्ख्या मजल्याला पुरेल इतकी सुक्या बोंबलाची चटणी आणायला लागली. सगळे हिच्या टेबलाशी, आणि त्या बाई कोपऱ्यात एकट्या. शेवटी त्यांनीच येऊन चमचाभर मागितली. हिने वाढली, वर भाबडेपणाने विचारलं, "वास नाय ना येत?"

चार वर्षं ती त्या रेणूच्या मागे होती. एका सकाळी ओव्हन उघडला आणि माझं मनगट गच्च धरलं. "अगो बाय, धरला! बघ ना, धरला!" नळीत मधोमध स्वच्छ थर होता. ही बाई ढसाढसा रडली, मग मीही रडले.

आता आमचे सर, आमचे विभागप्रमुख. सर म्हणायची सवय जात नाही, नाहीतर दुसरा शब्द माझ्याकडे तयार आहे. परदेशात शिकून आलेले, बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला मुंग्या लागाव्यात. बेलापूरच्या एका हॉलात त्यांनी हा रेणू जगापुढे मांडला. "मी शोधला," म्हणाले. आम्ही मागच्या रांगेत. शेवटी पडद्यावर आभार आले, त्यात जेवण देणाऱ्या कंत्राटदाराच्या खाली हिचं नाव, पुढे 'सहकारी'.

बाहेर आल्यावर हिने विचारलं, "सर, माझं नाव असं का?"

"अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? आपण टीम आहोत ना!"

"बरं. माज्या ध्यानात हाय."

सर हसले. गंमत वाटली त्यांना.

मी म्हटलं, सोड ही नोकरी, थुंक त्यांच्या तोंडावर. ती म्हणाली, "आत्ता नाय."

मग तेल कंपनीची माणसं यायची ठरली. आपल्या विहिरीचं पाणी त्यांनी आधीच कॅनमधून पाठवलं होतं. त्या पाण्यात थर धरला, की हिचा रेणू खरोखरच्या विहिरीत उतरणार होता. पाणी मी तपासलं. आमच्या नेहमीच्या पाण्यापेक्षा कितीतरी जड निघालं. रिपोर्ट मी दोघांनाही दिला. सरांनी त्यावर मोबाइल ठेवला आणि पाहुण्यांच्या जेवणाचं बघायला गेले. हिने अथपासून इतिपर्यंत वाचला. अशा पाण्यात तिच्या रेणूला जोडीला आणखी एक पदार्थ लागायचा, कुठला आणि किती हे फक्त तिलाच ठाऊक होतं. सर म्हणाले, "नेहमीचंच प्रमाण घ्या."

"तुमी म्हनाल तसं, सर."

पाहुण्यांसमोर सरांनी ऐटीत औषध घातलं. नळीत बघता बघता दूध नासल्यासारखा साका झाला. सरांनी नळी घाईघाईने हलवली, तर वर फेससुद्धा आला. पाहुण्यांतले वयस्कर गृहस्थ हिच्याकडे वळले. "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?"

ती एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, "मी सहकारी. संशोधन सरांचं आहे."

सरांचे कान लाल झाले. तुम्ही मला वाईट म्हणा, पण मला आतून गुदगुल्या झाल्या.

पाहुण्यांनी महिन्याची मुदत दिली. दुसऱ्याच रविवारी सर पेढे घेऊन सारसोळ्याला हजर. सोबतीला मला नेलं होतं. तिची आई ओट्यावर कोळंबी सोलत होती. सर प्लास्टिकच्या खुर्चीत आखडून बसले. "झालं गेलं विसर. तुझं नाव पहिलं घालतो."

"मना घरात येऊन सांगू नका. त्याच हॉलात बोला, सगळ्यांसमोर. 'हे माझं नाही, हिचं आहे.' येवढंच. उद्या कामाला लागते."

"अगं, माझी काय इज्जत राहील?"

"माजी राहिली होती?"

आई म्हणाली, "अगो, घरी आलेल्या मानसाला आसं बोलतान का?" पण कोळंबी सोलायची तिने थांबवली नाही, आणि चहाचंही विचारलं नाही.

"बघतो," म्हणून सर उठले. महिनाभर बघतच राहिले. एक वाक्य बोलण्यापेक्षा अख्खं काम हातचं गेलेलं त्या माणसाला परवडलं. पाहुणे दुसरीकडे गेले, आमचा विभाग बंद झाला, ती घरी आणि मीही घरी. त्या दिवशी मात्र मी तिच्यावर तोंड सोडलं. "स्वतःचंच लेकरू मारलंस तू!"

तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "मारलं नाय गो. त्याच्या घरी नांदायला धाडलं नाय." आणि मी तिला दुसऱ्यांदा रडताना पाहिलं.

पुढे ती नेरुळला क्लासमध्ये शिकवायची. गेल्या दिवाळीच्या आधी कावीळ झाली आणि काही कळायच्या आत गेली. काय वय होतं तिचं!

परवा आंबे घ्यायला वाशीच्या फळबाजारात गेले होते, बापाच्या जुन्या सोबत्यांच्या गाळ्यावर. तिथे समोर सर. पोट सुटलेलं, गोडवा तसाच. "अगं, बरी भेटलीस! मॅडमचा नंबर दे ना. नवी कंपनी विचारतेय. आता मी तयार आहे, सगळ्यांसमोर बोलेन."

"ती गेली, सर."

"कुठल्या कंपनीत?"

"वारली."

"अरेरे," ते म्हणाले. पण त्याआधी, एक पळभर, त्यांचे खांदे सैल पडलेले मी पाहिले. सुटला होता माणूस! माझं डोकंच फिरलं.

"मग बोला की," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर बोलणार होतात ना? हे काय सगळे आहेत."

"इथे? या बाजारात?"

"इथेच."

माझा आवाज ऐकून माथाड्यांनी पेट्या खाली ठेवल्या. "काय झालं ताई?" करत चारपाच जण भोवती आले. सरांनी वाट शोधली, मिळाली नाही.

"तो रेणू..." ते पुटपुटले.

"मोठ्यानं, सर."

"तो रेणू माझा नव्हता! तिचा होता!"

रेणू म्हणजे काय, तिथे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण चोरी कबूल करणारा माणूस त्यांना बरोबर ओळखता आला. बापाच्या वयाच्या एका माथाड्याने टॉवेलने घाम पुसला आणि मला विचारलं, "कुनाचा म्हनला?"

मी तिचं नाव सांगितलं. आधी तिचं, मग तिच्या बापाचं, मग आडनाव, मग गाव. मोठ्यानं सांगितलं.