जेवायचा शनिवार

आमचा शनिवार शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो, हे सोलापुरात समजावून सांगता सांगता माझे केस पिकायला लागले. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी कोकणातून इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. आता आमच्या ओळखीत तरी शहरात आमचं एकच घर उरलंय. शुक्रवारी दिवा लावला की शब्बाथ सुरू. मग शनिवारी सूर्य मावळेपर्यंत काम नाही, प्रवास नाही, विस्तव पेटवायचा नाही.

माझ्या मुलीला याची लाज वाटायची. शनिवारी सकाळची शाळा असायची, स्पर्धाही नेमक्या त्याच दिवशी. ही जायची नाही आणि सोमवारी मैत्रिणींना सांगायची, पोट दुखत होतं. दर आठवड्याला ठरल्या वारी दुखणारं असं पोट अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नसेल. मला हसू यायचं, पण एकदा ती म्हणाली, "आई, हा शनिवार तुझा आहे. माझा नाही." ते मात्र मला फार लागलं.

म्हणून मी हट्टाला पेटले. आमच्या समाजातल्या मुलांचं शिबिर दर उन्हाळ्यात ठाण्या-अलिबागकडे भरतं. यंदा सोलापुरात घ्या, म्हणून मी सगळ्यांचं डोकं खाल्लं. भर उन्हाळ्यात सोलापूर, म्हणून लोक हसले. शेवटी माझ्या तोंडाला कोण लागणार, म्हणून कबूल झाले. वळसंगजवळ माझ्या ओळखीच्या एका मावशींचं शेत आहे, कडुलिंबाची मोठी सावली आहे. तिथं तंबू ठोकले. भरल्या पंगतीतला शनिवार माझ्या मुलीनं एकदा तरी बघावा, एवढंच मला हवं होतं.

पण झालं भलतंच. ठाण्याची पोरं तिच्या 'लई' आणि 'की'ला हसली, आणि बाईसाहेब फुगून लिंबाखाली एकट्या बसायला लागल्या. इथंही माझा शनिवार माझ्याकडेच राहणार, अशी लक्षणं दिसू लागली.

शुक्रवारची संध्याकाळ छान गेली. दिवे लावले, काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला हातात धरून किद्दुश, म्हणजे शब्बाथच्या स्वागताची प्रार्थना, म्हटली, मुलांनी गाणी म्हटली. मावशी तंबूच्या दाराशी उभ्या राहून कौतुकानं बघत होत्या. रात्रीचं गरम जेवण त्यांनीच रांधलं होतं. दुसऱ्या दिवसाचंही सूर्य मावळायच्या आत करून ठेवा, शनिवारी चूल पेटवायची नाही, असं शिबिराच्या सरांनी त्यांना बजावलं होतं.

शनिवारी प्रार्थना संपली. पोरं भुकेनं कासावीस झालेली. आणि मावशी आल्या त्या केळी, खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू घेऊन. चूल पेटवायची नाही आणि वार शनिवार, म्हणजे अख्ख्या शिबिराचा उपास, असं त्यांनी धरलं होतं. त्यांच्या घरी मारुतीचा शनिवार असाच असतो. फराळाचं सगळं त्यांनी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. शिवाय एवढी लेकरं उपाशी असताना आपण कसं खावं, म्हणून त्यांनी स्वतःही सकाळपासून अन्नाला हात लावला नव्हता.

सरांचा चेहरा उतरला. शब्बाथला उपाशी राहणं आमच्यात बसत नाही, दिवसाउजेडी नीट जेवायचं असतं. मावशी लगेच चूल पेटवायला निघाल्या, पण आमच्यासाठी कुणाला पेटवायला लावणंही चालत नाही, हे सर चाचरत सांगू लागले. मावशी ओशाळल्या. आता सोलापूरचं नाव पुन्हा कुणी काढणार नाही, हे मला कळून चुकलं.

तेवढ्यात लिंबाखालून माझी लेक उठून आली. ती मावशींजवळ जाऊन म्हणाली, "मावशी, आमच्या शनिवारी जेवायचंच असतंय. घरात कडक भाकरी हाय की. त्याला चूल कशाला लागती?"

आमच्या शनिवारी, म्हणाली ती. मी ते मनात पुन्हा म्हणून बघितलं.

मावशी तिच्याकडं बघतच राहिल्या. "आगं बया, जेवायला लावणारा द्येव हाय व्हय तुमचा? मग कालच सांगायचं की."

कडक भाकरी म्हणजे ज्वारीची पातळ, पापडासारखी वाळवलेली, चार-आठ दिवस सहज टिकणारी. मावशींनी वस्तीत निरोप धाडला आणि घराघरांतून चळती आल्या. शेंगाची चटणी आली, दही, कांदे, काकड्या आल्या. ठाण्याच्या पोरांना ती भाकरी मोडता येईना. माझी लेक मध्ये बसली, भाकरीवर मूठ हाणली, चुरा दह्यात कालवला, वर चटणी घातली. मग सगळ्या पंगतीनं मुठी हाणल्या. तो आवाज ऐकून शेजारच्या शेळ्या बावचळल्या. मावशींनीही आमच्यातच बसून उपास सोडला.

जाताना सरांनी पुढच्या उन्हाळ्याचं वळसंगलाच ठरवून टाकलं. मी आनंदले, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष लेकीकडं होतं. घरी आल्यावर ती शनिवारबद्दल चकार शब्द बोलली नाही. मीही विचारायला घाबरले.

शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी मी स्वयंपाक उरकत होते. ती दप्तर टाकून आत आली आणि भाकऱ्यांची चळत चाचपून बघू लागली.

"एवढ्या पुरणार नाहीत, आई. उद्या दोघी मैत्रिणी जेवायला येणार आहेत. त्यांना सांगितलंय मी, पोट कधीच दुखत नव्हतं."