पोहता येणं आवश्यक

हिंजवडीतल्या कंपनीत मी सहा वर्षं एकाच निळ्या रंगाकडे बघत होते. परदेशातल्या एका बंदराचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. पडद्यावर समुद्र, त्यावर मुंगीएवढी जहाजं. जेवणानंतर डोळे जड झाले की ते ठिपके तरंगायला लागायचे, आणि बाहेरच्या गाड्यांचा आवाज कुठूनतरी लांबून, पाण्यातून आल्यासारखा वाटायचा.

त्या निळ्यात किनाऱ्यालगत एक जागा अशी होती की तिथे एकही जहाज जात नसे. मला वाटलं, आमच्याच प्रोग्रॅममध्ये काहीतरी चुकलंय. बंदरातल्या माणसाला विचारलं. त्याचं उत्तर आलं, "चूक नाही. तिथे पाण्याखाली गवताचं कुरण आहे. नांगरांनी ते उपटतं, म्हणून जहाजं लांबून नेतो."

संध्याकाळी कंपनीची बस विद्यापीठ चौकात अडकली होती आणि मी काचेला डोकं टेकून ते कुरण बघत होते. लाल दिव्यांमधून हिरवं काहीतरी हळूहळू डोलत होतं.

वर्षभराने त्याच देशात सागरी शाश्वततेच्या मास्टर्सला मला प्रवेश मिळाला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "समुद्राचं शिकायला चाललीस? पुण्यात राहून हे सुचतं तरी कसं?" बाबा शांतपणे म्हणाले, "समुद्र संपू नये, ते शिकायला चालली ती."

प्रवेशाच्या पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ होती: प्रत्यक्ष काम पाण्यात असल्याने पोहता येणं आवश्यक, दाखला जोडावा. आमच्या घरात कुणालाच पोहता येत नव्हतं. मी एकोणतिसाव्या वर्षी महापालिकेच्या तलावावर बायकांच्या बॅचमध्ये नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई काठावरून म्हणायच्या, "अहो, पाण्याने आपलं काय वाकडं केलंय? इतकं कशाला बडवताय त्याला?"

रविवारी तलाव सगळ्यांना खुला असे. एकदा सराव बघायला बाबा आले. ते मूळचे विदर्भातले, सरकारी नोकरीसाठी पुण्यात आलेले आणि इथेच निवृत्त झालेले. मी दमून पायरीवर बसले, तेव्हा पाण्याकडे बघतच ते म्हणाले, "आमच्या गावात मोठी विहीर होती. उन्हाळ्यात पोट्टे वरून उड्या घेत. आम्ही लिंबाखाली उभे. आपल्याला त्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती. आवाज तेवढा ऐकायचा, धप्पकन."

हे त्यांनी आधी कधीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही उतरता का?"

"या वयात?"

"इथे कमरेएवढंच आहे."

पुढच्या रविवारी ते नवी चड्डी आणि टोपी घेऊन आले. कठडा धरून बराच वेळ नुसते उभे राहिले. मग मी त्यांच्या पाठीखाली हात धरला आणि सांगितलं, "मान सोडा." त्यांनी मान सोडली. टोपीतले कान पाण्यात गेले, चेहरा वर आला, आणि पाय आपोआप उचलले गेले. मी हात काढून घेतला तरी ते तसेच राहिले. डोळे उघडे, वर मे महिन्याचं पांढरं आभाळ. बासष्ट वर्षांचे माझे वडील इतके हलके मी कधी पाहिले नव्हते. उभं राहिल्यावर म्हणाले, "बेटा, आतून आवाजच येत नाही कशाचा."

मला दाखला मिळाला, आणि सप्टेंबरात मी गेले.

तिकडचं पाणी इतकं थंड की रबरी पोशाखातूनही दात वाजत. माझं काम साधं होतं. तळाशी मीटरभर रुंदीची चौकट ठेवायची आणि तिच्यातल्या गवताच्या काड्या मोजायच्या. कुरण वाढतंय की आटतंय, ते त्यातून समजे. पहिल्या दिवशी श्वासाची नळी तोंडात धरून मी पाण्यात खाली तोंड केलं, आणि मोजायचं राहूनच गेलं. ऊन पाण्यातून गाळून येत होतं, सगळं रान एका बाजूला झुकत होतं, मग सावकाश दुसऱ्या. पात्यांमध्ये बोटभर मासे उभ्या उभ्या झोपल्यासारखे. मी त्या रानावर पसरून होते. आमच्या प्राध्यापक बाईंनी खांद्याला हात लावून वर काढलं, तेव्हा कळलं, अर्धा तास गेला होता. आकडा एकही नाही. त्या हसल्या. "पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं," म्हणाल्या.

रविवारी फोनवर बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्या गवताला फुलं येतात?"

मला माहीत नव्हतं. प्राध्यापक बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, उन्हाळ्यात बघ. जूनमध्ये एका पात्याच्या आवरणात दडलेली बारीक हिरवी फुलं सापडली. भुंगा नाही, वारा नाही. त्यांचे पराग पाण्यावर सोपवलेले असतात. बाबांना फोटो पाठवला.

"हे फूल?" ते म्हणाले. मग स्वतःच, "असेल. तू म्हणतेस तर असेल."

पदवी घेऊन मी पुण्याला परतले, कंपनीत मात्र गेले नाही. आता सिंधुदुर्गाच्या खाड्यांमधल्या अशाच गवताचे नकाशे करते. गेल्या हिवाळ्यात बाबा सोबत आले होते. गुडघाभर पाण्यात चौकटीची एक बाजू धरून ते उभे राहिले.

"हललो तर चालेल?"

"थोडं चालेल."

भरती पायांवर चढत होती. ते तसेच उभे होते.