धुतलेल्या काचा

रत्नागिरीत माझा फोटोचा धंदा होता आणि माझा जिवलग मित्र शाळेत ड्रॉइंगमास्तर होता. रविवारी माझा कॅमेरा घेऊन आम्ही भाट्याच्या वाळूत जायचो. माणसं सोडून तो ओहोटीने ओढलेल्या रेघा टिपायचा, चिऱ्याच्या भिंतीवर पडलेली जाळ्याची सावली टिपायचा. फोटोत काय आहे ते ओळखू आलं की हिरमुसायचा. "परत वस्तूच दिसली रे!" म्हणायचा. मी चारचौघांत त्याची टर उडवायचो. खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा. कॅमेरा माझा, सराव माझा आणि नजर मात्र त्याची.

मुंबईला नोकरी लागली तेव्हा तो आपल्या काचा माझ्याकडे ठेवून गेला. तेव्हा फोटो आधी काचेवर उमटायचा. कागदावर त्याने एकही उतरवला नव्हता. निवडून मग छापू, म्हणायचा.

त्या पावसाळ्यात मुंबईहून माल आणणाऱ्या बोटी बंद झाल्या आणि फ्रेमसाठी काच मिळेना. एका बागायतदाराला घरच्यांचे फोटो गणपतीपूर्वी मढवून हवे होते. बिघडलेल्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन फ्रेमला लावायची आमच्या धंद्यात रीतच होती. माझ्या संपल्या, तेव्हा मी त्याची पेटी उघडली. एक काच उजेडात धरली. त्यात जाळं नव्हतं, भिंत नव्हती, नुसता काळोख आणि उजेड होता, आणि माझी नजर तिच्यावरून हलत नव्हती. हेही बिघडलेलंच, असं स्वतःला बजावून मी ती पाण्यात सोडली. फोटोचा थर सायीसारखा सुटून आला. मग उरलेल्याही धुतल्या.

दिवाळीत तो धावतपळत आला. मुंबईच्या एका प्रदर्शनात त्याचे फोटो लावणार होते, त्याला काचा हव्या होत्या.

"पावसाने घात केला," मी म्हटलं. "सगळ्यांना बुरशी धरली."

माझ्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "मेल्या, तू कशाला तोंड पाडतोस? तुझ्यापण गेल्या असतील ना?"

मी मान डोलावली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

बागायतदाराच्या फोटोची एक जादा प्रत मित्राच्याच एका धुतलेल्या काचेमागे मढवून मी नमुना म्हणून दुकानात टांगली होती. निघताना तिच्या काचेत बघून त्याने टोपी सरळ केली. त्यानंतर त्याने कॅमेरा कधी हातात घेतला नाही, आणि मीही त्याला खरं सांगितलं नाही.